पालक सभेला जाण्यापूर्वी

वर्गात साठ मुले आणि पालक सभेसाठी राखलेले तीन तास, असा हिशेब मांडला तर प्रत्येक घराच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. मोठ्या शहरांतील गजबजलेल्या शाळांत हा हिशेब फारसा चुकत नाही. शनिवारी सकाळी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात रांग लागते, आत बाईंच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि सहीची यादी असते, आणि पुढच्या पालकाचे सगळे बोलणे मागच्याच्या कानावर पडत असते. अशा गर्दीत होणारे संभाषणही बहुधा ठरलेले असते. ‘‘हुशार आहे हो, पण बडबड फार.’’ ‘‘घरीसुद्धा ऐकत नाही, बाई. तुम्हीच जरा ओरडा.’’ सही होते, प्रगतिपुस्तक पिशवीत जाते, आणि घरी वाट पाहत बसलेल्या मुलाला त्या तीन मिनिटांचा जाब द्यावा लागतो.

या भेटीला कोणी पालक सभा म्हणते, कोणी ओपन हाऊस किंवा ओपन डे. अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पीटीएम हे लघुरूप रूढ झाले आहे. नाव कोणतेही असो, वर्षातून दोन-चारदाच येणारी ही संधी बहुतेक घरांत पूर्वतयारीविना घेतली जाते. गुण तर कागदावर आधीच लिहिलेले असतात. तेच वाचून दाखवण्यात आणि ऐकून घेण्यात वेळ संपला, तर भेट न झाल्यासारखीच. शिक्षकाने वर्गात जे पाहिले आहे ते घराला ठाऊक नसते आणि घरात जे घडते ते शिक्षकाला ठाऊक नसते. या दोन्हींची देवघेव व्हावी हे भेटीचे प्रयोजन आहे, आणि तीन मिनिटांत ती व्हायची असेल तर तिची सुरुवात आठवडाभर आधी घरातच करावी लागते.

शिक्षकाचे कर्तव्य, पालकाचा हक्क

पालकांना भेटणे ही शाळेची मेहेरबानी नव्हे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमात (२००९) कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना देणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. ‘शिकण्याची क्षमता’ आणि ‘प्रगती’ या दोन गोष्टी कायद्याने वेगवेगळ्या मोजल्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गुणपत्रिकेत त्या एकाच आकड्यात मिसळून जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकाच्या मतासोबत मुलाचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापन असलेले समग्र प्रगतिपत्रक सुचवले आणि त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी असाव्यात असे म्हटले.

पालक सभा, शिक्षक-पालक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची पुष्कळदा गल्लत होते. व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यातून आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे, मात्र विनाअनुदानित शाळांना ही तरतूद लागू नाही. खासगी शाळांतील शिक्षक-पालक संघाला शुल्काच्या बाबतीत अधिकार मिळाले ते महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने. शुल्कवाढ, बस, गणवेश, स्वच्छतागृहे हे विषय त्या व्यासपीठांवर मांडावेत. वर्गशिक्षिकेसमोर ते काढले तर तिच्या हाती उत्तर नसते आणि मुलासाठी असलेली तीन मिनिटे मात्र निघून जातात.

आधी वह्या, मग गुण

सभेची सूचना आली की पालक प्रथम प्रगतिपुस्तक उघडतात. त्याऐवजी दप्तर उघडावे. सत्राच्या सुरुवातीपासूनच्या वर्गपाठाच्या आणि गृहपाठाच्या वह्या एका संध्याकाळी शांतपणे चाळल्या, तर गुणांमागची कारणे अनेकदा तेथेच सापडतात. हे काम मुलाच्या डोळ्यांदेखत, पण त्याची झडती घेतल्यासारखे न करता व्हावे.

वहीत काय पाहायचे? अक्षर हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. प्रत्येक पानाचा शेवट पाहावा. फळ्यावरचा मजकूर उतरवताना शेवटच्या तीन-चार ओळी दर वेळी सुटत असतील, तर मुलाचा लिहिण्याचा वेग कमी आहे किंवा त्याचे लक्ष तासाच्या उत्तरार्धात उडते आहे. यांतले कोणते खरे ते शिक्षकच सांगू शकतील. पुस्तकातून उतरवलेले शुद्ध आणि फळ्यावरून उतरवलेले अशुद्ध असा फरक दिसला, तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. श्रुतलेखनातच चुका असतील तर कान तपासावेत. दूरचे नीट दिसत नाही हे लहान मूल आपणहून सांगत नाही, कारण इतरांना त्याहून स्पष्ट दिसते याची त्याला कल्पनाच नसते.

शिक्षकांनी लाल शाईने दाखवलेल्या चुका पुढच्या पानावर सुधारल्या आहेत का, हेही पाहावे. तीच चूक जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतरही असेल, तर मुलाला ती चूक का आहे हे समजलेलेच नाही. वहीतला एखादा शेरा पालकांनी सही करूनही वाचलेला नसतो, हेही या संध्याकाळी लक्षात येते.

गणिताची वही विशेष बोलकी असते. चौथीतल्या एखाद्या मुलाचे गुणाकार-भागाकार मांडून दिले की बरोबर येतात, शाब्दिक उदाहरणे मात्र चुकतात, असे गृहीत धरू. गुणपत्रिकेत याची नोंद ‘गणितात कच्चा’ एवढीच होते आणि पालक महिन्याला पैसे मोजून गणिताचा क्लास लावतात. वह्या पाहिलेले पालक सभेत वेगळा प्रश्न विचारतील : ‘‘बाई, उदाहरण मोठ्याने वाचून दाखवले तर त्याला येते का?’’ येत असेल, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. तिला उपाय रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचण्याचा आहे, क्लासचा नाही. मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडते. आंबे किती उरले हे त्याला कळते, ‘रिमेनिंग’ या शब्दापाशी ते अडते.

प्रगतिपुस्तकातील न वाचलेले रकाने

महाराष्ट्रात २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तीत वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला पहिली-दुसरीत ७० आणि सत्रान्त संकलित मूल्यमापनाला ३० गुणांचा भार ठरवण्यात आला. वरच्या वर्गांत हे प्रमाण पालटत जाऊन सातवी-आठवीला ४० आणि ६० होते. आकारिक भागात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने येतात. अंतिम श्रेणी ‘अ-१’पासून ‘ई-२’पर्यंत असते. एखाद्याला ‘ब-२’ मिळाली असेल तर ती लेखी परीक्षेमुळे की तोंडी कामामुळे, हे श्रेणी सांगत नाही. शिक्षकांच्या नोंदवहीत ते असते, आणि विचारल्यास दाखवले जाते. तोंडी उत्तम, लेखी साधारण असे मूल आणि लेखी उत्तम पण वर्गात तोंड न उघडणारे मूल, या दोघांची श्रेणी एकच असली तरी गरजा अगदी निराळ्या असतात.

याच पद्धतीत ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले. पालकांचे डोळे श्रेणीवरून थेट सहीच्या जागी जातात आणि हे रकाने वाचावयाचे राहतात. काही शाळांत या नोंदी साचेबंद असतात हेही खरे. साठ मुलांसाठी साठ वेगळी वाक्ये लिहिताना शिक्षकाचीही दमछाक होते. पण साचेबंद नोंदीचासुद्धा उपयोग करता येतो. ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ असे लिहिले असेल, तर कोणत्या लेखनात, एखादे पान दाखवता का, असे विचारता येते. शिक्षकाने पान काढून दाखवले की सभेचा सूर बदलतो.

आठवीपर्यंत कोणी नापास होतच नाही, हा जुना समजही सोडलेला बरा. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास पुरवणी मार्गदर्शन व फेरपरीक्षा, आणि तीतही यश न आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. या दोन इयत्तांच्या पालकांनी पहिल्या सत्रातील सभेतच मूल कोठे उभे आहे हे स्पष्ट विचारावे. मार्चमध्ये विचारून फारसे काही करता येत नाही.

मुलाला विचारल्याशिवाय जाऊ नये

सभा ज्याच्याविषयी असते त्याला सहसा कोणी काही विचारत नाही. उलट आदल्या रात्री ‘उद्या बाईंना सगळे विचारणार आहे हं’ अशी धमकी दिली जाते. तिचा परिणाम असा होतो की पुढच्या वेळी मूल सभेची सूचनाच घरी आणत नाही. शाळांनी मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केल्यापासून ही वाट बंद झाली. मूल मग वहीचे पान फाडणे, सही गिरवणे असे दुसरे मार्ग शोधते.

‘‘बाईंना तुझ्यासाठी काय विचारू?’’ एवढा प्रश्न पुरेसा असतो. उत्तर छोटे असते, पण कामाचे असते. ‘मला पुढच्या बाकावर बसवायला सांग.’ ‘मधल्या सुट्टीत माझा डबा घेतात.’ ‘पीटीच्या सरांना सांग, मला धावताना दम लागतो.’ कधी उत्तर येते, ‘काही विचारू नकोस.’ हेही उत्तरच आहे. त्याचे कारण लगेच खोदून न काढता ते मनात ठेवून सभेला जावे. कोणत्या विषयाचा तास आवडतो, कोणता संपता संपत नाही, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, हे आणखी तीन प्रश्न जमल्यास विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाबरोबरच नाही’ असे असेल, तर सभेत गणिताआधी तो विषय काढावा. ज्या मुलाला शाळेत एकही मित्र नाही, त्याच्या गुणांची चर्चा थोडी थांबू शकते.

मुलाने सांगितलेले सगळेच सभेत जसेच्या तसे मांडायचे नसते. ‘बाई मलाच ओरडतात’ हे मुलाचे म्हणणे खोटे नसते, पण अपुरे असू शकते. ते आरोप म्हणून सांगण्याऐवजी ‘‘तो घरी म्हणतो की त्याला वर्गात फार बोलणी बसतात, नेमके काय होते?’’ असे विचारले तर शिक्षक स्वतःचा बचाव करण्याऐवजी प्रसंग सांगू लागतात.

घराने शाळेला द्यायची माहिती

पालक सभेला ऐकण्याच्या तयारीने जातात. सांगण्याच्या तयारीने क्वचित. सहा महिन्यांपूर्वी आजी गेली, घरी नवे बाळ आले, वडिलांची बदली झाली, इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या लांबच्या घरातून येण्यासाठी मूल पहाटे पाचला उठते, यांतले काहीही शिक्षकाला ठाऊक नसते. दुसऱ्या तासाला डुलक्या घेणारा मुलगा त्याच्या दृष्टीने आळशी असतो. पाचला उठणे आणि दीड तासाचा प्रवास कळला की शेरा बदलतो.

आरोग्याच्या गोष्टी कोणताही संकोच न ठेवता सांगाव्यात. दम्याचा पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे, फिट येण्याचा इतिहास आहे का, कशाची ॲलर्जी आहे, चष्मा लागला असून मूल तो शाळेत काढून ठेवते का, हे वर्गशिक्षकाला माहीत हवेच. आईवडील वेगळे राहत असतील तर मुलाला न्यायला कोण येईल आणि शाळेने कोणाशी संपर्क ठेवावा, हे मुख्याध्यापकांकडे लेखी दिलेले बरे. खासगी बाब सांगताना ‘‘हे वर्गात कोणाला कळू नये’’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. शिक्षक सहसा ते पाळतात, पण गृहीत मात्र धरू नये.

ती तीन मिनिटे

एका चिठ्ठीवर दोन प्रश्न आणि सांगावयाची एक गोष्ट लिहून नेली की पुरते. पाच प्रश्न नेले तर पहिल्या दोघांवरच वेळ संपतो, आणि बहुधा महत्त्वाचा प्रश्न पाचवा असतो. सुरुवात त्याच प्रश्नाने करावी. नमस्कार झाल्यावर ‘कसा आहे आमचा?’ असे विचारले की उत्तर ‘बरा आहे’ असेच येणार. ‘‘एखादी गोष्ट समजली नाही तर तो हात वर करतो का?’’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ हे उत्तर देता येत नाही. गटात काम करताना तो काय करतो, चूक दाखवली की रडतो, चिडतो की पुसून पुन्हा लिहितो, कोणत्या वेळी तो सर्वांत खुलतो, असे प्रश्न शिक्षकाला वर्ग डोळ्यांसमोर आणायला लावतात. वर्गात सहा-सात तास मुलांना पाहणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याला कोणी विचारत नाही.

तक्रार ऐकताना तिला वेळ आणि जागा मागावी. ‘लक्ष देत नाही’ हे वर्णन कोणत्याही मुलाला लागू पडते. केव्हा देत नाही, सकाळी की शेवटच्या तासाला, सर्व विषयांत की एकाच, शेजारी कोण असतो, हे विचारले की तक्रारीला आकार येतो. लगेच मुलाची बाजू घेऊ नये, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाला बरे वाटावे म्हणून मुलाविरुद्ध साक्ष देऊ नये. ‘घरी तर विचारूच नका’ हे वाक्य आपल्याकडे विनयाने उच्चारले जाते, जणू पालकांनी आपला दोष कबूल केला. मूल शेजारी उभे असेल तर त्याच्यासाठी तो विनय नसतो. ज्या दोन मोठ्या माणसांवर त्याची भिस्त असते ती दोघे आपल्याविरुद्ध एक झाली, एवढेच त्याला समजते.

दुसऱ्या मुलाचे नाव संभाषणात येऊ देऊ नये. ‘अमक्याला किती मिळाले?’ हा प्रश्न शिक्षकाला अडचणीत टाकतो आणि त्या उत्तराने आपल्या मुलाविषयी काहीच कळत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या दिवशी तापवलेले विषयही तेथेच ठेवावेत.

विषय नाजूक असेल किंवा रांगेतले लोक ऐकत असतील, तर त्या दिवशी तो काढूच नये. ‘‘बाई, पंधरा मिनिटे वेगळी मिळतील का? शाळा सुटल्यावर कोणत्या दिवशी येऊ?’’ असे विचारून वेळ ठरवून घ्यावी. तीन मिनिटांचा याहून चांगला उपयोग क्वचितच होतो.

सभेला कोणी जावे? रांगेत बहुतेक आयाच दिसतात. वडील दारापर्यंत गाडी लावायला येतात, किंवा फक्त निकाल वाईट असला की आत येतात. वडिलांचे येणे म्हणजे शिक्षा असे मुलाच्या मनात बसते ते यामुळे. शक्य तर दोघांनी जावे, नाहीतर आलटून-पालटून. दुपारभर मूल आजी-आजोबांकडे असेल तर गृहपाठाविषयी खरी माहिती त्यांच्याकडेच असते. निदान निघण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.

दाराशी थबकणारे पालक

हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासक सारा लॉरेन्स-लाइटफुट यांनी २००३ मध्ये ‘द इसेन्शियल कॉन्व्हर्सेशन’ हे पुस्तक याच भेटींवर लिहिले. वर्गाच्या लहानशा बाकावर बसताच पालकांच्या मनात त्यांचे स्वतःचे शाळेचे दिवस जागे होतात, आणि समोरच्या शिक्षिकेशी ते बोलतात त्यात त्या जुन्या भीतीचा, अपमानाचा किंवा अपेक्षेचा वाटा असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. निरीक्षण अमेरिकेतील शाळांचे असले तरी मराठी वाचकाला ते परके वाटणार नाही. छडी खाल्लेला बाप बाईंपुढे आजही हात बांधून उभा राहतो, किंवा त्याच जुन्या रागाने भांडायला सरसावतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांच्या आईवडिलांची अडचण याहून मोठी असते. आई चार घरी काम करते, शनिवारची सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, आणि आत इंग्रजीत बोलावे लागेल या धास्तीने ती मोठ्या मुलीला दुभाषी म्हणून नेते किंवा जातच नाही. शाळेच्या नोंदीत मग ‘पालक उदासीन’ असा अर्थ निघतो. मराठीत किंवा हिंदीत बोलण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि महाराष्ट्रातील शाळेत तिचे बोलणे समजणारे कोणी ना कोणी असतेच. ‘‘मला इंग्रजी येत नाही, मराठीत सांगाल का?’’ हे वाक्य दाराशीच म्हणून टाकावे. घरात अभ्यास घेता येत नसला तरी मूल किती वाजता झोपते, शाळेचे काय सांगते, कशाला घाबरते, हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. शाळांनीही एखादी वेळ संध्याकाळी ठेवली तर ही रांग थोडी वेगळी दिसेल.

सभेसाठी थांबू नये अशा गोष्टी

मारहाण, अपमानास्पद शिक्षा, वर्गाबाहेर तासन्‌तास उभे करणे या गोष्टी पालक सभेच्या यादीत ठेवण्याच्या नाहीत. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. अशी तक्रार तारीख आणि प्रसंग लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावी व अर्जाची पोच घ्यावी. लैंगिक स्वरूपाचा कोणताही प्रकार असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांकडे जावे. १०९८ ही बालसाहाय्य क्रमांकाची सेवा त्यासाठीही आहे. शाळेच्या नावाचा किंवा पुढच्या सभेचा विचार तेथे करू नये.

वाचन-लेखनातील अडचण दीर्घकाळ टिकली असेल तर सभेत शिक्षकांकडून वर्गातील निरीक्षणे मागून घ्यावीत. अक्षरांची उलटापालट, ओळी गळणे, तोंडी उत्तर येऊनही लिहिता न येणे या खुणा ते सांगू शकतात. निदान मात्र त्यांनी करू नये आणि पालकांनी ते त्यांच्याकडून अपेक्षूही नये. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटानंतर अध्ययन अक्षमता हा विषय घरोघरी पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला एकवीस प्रकारांत स्थान दिले. डोळे व कान तपासून झाल्यावर पुढची चाचणी ठरावीक शासकीय व महापालिका रुग्णालयांत होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक आहे. तेथील प्रमाणपत्राच्या आधारे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही प्रक्रिया वेळ घेते. दहावीचा अर्ज भरताना ती आठवली तर धावपळ होते. पाचवी-सहावीच्या सभेत विषय निघाला तर मूल मधली चार वर्षे ‘ढ’ म्हणून काढत नाही.

घरी परतल्यावर

मूल दारातच विचारते, ‘‘बाई काय म्हणाल्या?’’ त्या वेळी प्रगतिपुस्तक टेबलावर आपटण्याचा मोह आवरावा. शिक्षकांनी सांगितलेली एक चांगली गोष्ट त्यांच्याच शब्दांत आधी सांगावी. ती नेमकी असावी. ‘चांगला आहेस म्हणाल्या’ यापेक्षा ‘प्रयोगाच्या तासाला तू सगळ्यांना साहित्य वाटून देतोस म्हणाल्या’ हे मुलाला खरे वाटते. मग सुधारण्याची एकच गोष्ट काढावी, आणि तिच्यासाठी घरातले कोण काय करणार हेही तेथेच ठरवावे. रोजचे दहा मिनिटांचे वाचन ठरले तर ऐकायला बसणारे माणूस ठरायला हवे. झोपेची वेळ पुढे सरकवून अर्धा तास आधी केली तर दूरदर्शन संच आणि मोठ्यांचे मोबाइलही तेव्हा बंद झाले पाहिजेत. मुलाने सभेपूर्वी सोपवलेल्या निरोपाचे काय झाले, हे सांगायला विसरू नये. बाक बदलून मिळाला नसेल तर का मिळाला नाही तेही सांगावे.

सभेत ठरलेली गोष्ट त्याच रात्री डायरीत तारखेसह लिहून ठेवावी. तीन आठवड्यांनी शाळेच्या डायरीतून शिक्षकांना दोन ओळी पाठवाव्यात : घरी रोज वाचन चालू आहे, शाब्दिक उदाहरणांत काही फरक दिसतो का? उत्तर एका शब्दाचे आले तरी चालेल. साठ वह्यांच्या गठ्ठ्यातून ती वही काढताना बाई त्या मुलाचे एक उदाहरण जरा थांबून तपासतील.